झुल्यावरची शिंक

खुंटीचं काम सांगायला सोपं होतं. तंबूच्या शेंड्याजवळ टांगलेल्या झुल्यावर गुडघे अडकवून उलटं लोंबकळायचं, झोके घ्यायचे आणि समोरच्या झुल्यावरून सुटून हवेत कोलांट्या घेत येणाऱ्या बहिणीला मनगटांना धरून झेलायचं. तो स्वतः कधी उडाला नाही, नुसता लटकायचा. म्हणून सर्कशीतल्या सगळ्यांनी मिळून त्याचं नाव खुंटी पाडलं होतं. बहीण गरगर फिरायची, ती भिंगरी. तिच्या नावासाठी कुणाला डोकं खाजवावं लागलं नव्हतं.

दोघांना लहानपणापासून एक खोड होती. तंबूच्या अंधारातून भर उन्हात पाऊल टाकलं की शिंका यायच्या. सर्दी नाही, पडसं नाही, ऊन डोळ्यांवर पडलं की फटाफट सुरू. त्यांचे वडील सर्कशीचे आचारी होते. त्यांचंही तसंच असायचं. चुलीच्या धुरात ते कधी शिंकले नाहीत, पण राहुटीबाहेर आले की आधी शिंकणार आणि मग बोलणार. बापलेक तिघं एकदम बाहेर पडले की बाकीचे म्हणायचे, "तोफा झाल्या, म्हणजे दुपार झाली." आई सगळ्यांचे चमकीचे पोशाख शिवायची. तिचं म्हणणं असे, "नाक बापाचं घेतलंत ते घेतलंत, डोकं तरी माझं घ्यायचं होतं."

तंबूच्या आत मात्र ही खोड कधी आडवी आली नाही. तिथले दिवे जुने, पिवळे, आणि खेळभर जळत असायचे. वडील गेल्यावरही आई राहुटीत सुई चालवत राहिली आणि भावंडं वर झुल्यावर. असं बरीच वर्षं चाललं.

मग म्हातारे मालक अंथरुणाला खिळले आणि कारभार त्यांच्या सुनेने हातात घेतला. सगळे तिला बाई म्हणायचे. बाई कामाला वाघ होत्या. गळका तंबू त्यांनी बदलला, जनावरांच्या जागी नव्या कसरती आणल्या, आणि एके दिवशी एक दिवा आणला. मोठ्या पातेल्याएवढं त्याचं तोंड होतं. बत्तीवाले काका तंबूतल्या सगळ्या दिव्यांचं बघायचे. त्यांनी तो खांबावर चढवून एकदा लावून दाखवला, तर समोरच्या बाकांवर बसलेल्यांनी डोळ्यांवर हात घेतले.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "सगळा तंबू काळोखात. फक्त एक मंद निळा दिवा, तुम्हाला एकमेकांच्या सावल्या दिसण्यापुरता. खाली ढोल. भिंगरी झोके घेतेय, लोकांना धड दिसत नाहीये. ती झुला सोडते आणि त्याच क्षणाला हा दिवा फाडकन तुमच्यावर. दुहेरी कोलांटी आणि झेल, सगळं पांढऱ्याफेक उजेडात. लोकांच्या काळजाचा ठोका चुकला पाहिजे."

खुंटीच्या काळजाचा ठोका तिथेच चुकला. त्याने भिंगरीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. शिंकेचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

पहिली तालीम सकाळी झाली. तंबूचे सगळे पडदे सोडले होते. खुंटी उलटा लटकून झोके घेत होता. निळ्या अंधुकात समोरून येणारी-जाणारी बहिणीची सावली त्याला दिसत होती. आपल्याला काही होणार नाही, असं तो स्वतःला बजावत होता. भिंगरी सुटली. दिवा लागला. डोळ्यांत पांढरा जाळ शिरल्यासारखं झालं आणि नाकाच्या मुळाशी ती ओळखीची मुंगी चालली. पहिल्या कोलांटीत मुंगी, दुसऱ्या कोलांटीत शिंक. शिंकताना डोळे मिटतात आणि सगळं अंग आवळतं. त्याचे पंजे मिटले ते रिकाम्या हवेवर.

खालून जाळीचा करकरणारा आवाज आला.

त्याने डोळे उघडून खाली पाहिलं. भिंगरी जाळीच्या पार कडेला पडली होती, जिथे जाड दोर ताणून बांधलेला असतो. तिचं डोकं त्या दोरापासून वीतभर अंतरावर होतं. वीतभर पुढे गेली असती तर मान दोरावर आपटली असती. आणखी पुढे गेली असती तर खाली कडक जमीन होती.

"आता कुठे माशी शिंकली?" बाईंनी खालून ओरडून विचारलं.

खुंटीला हसू फुटलं की रडू, ते त्यालाच कळलं नाही. "हाताला घाम होता, बाई," तो म्हणाला.

भिंगरी उठून बसली, कोपर चोळत. भावाच्या या उत्तरावर तिने मान वर केली, पण त्याला खोटं पाडलं नाही.

त्या दिवसापासून खुंटीला शिंकेचीच भीती बसली. जेवताना घास उतरेना. आईने पोशाख आणून अंगाला लावून पाहिला आणि म्हणाली, "कंबरेत सैल झालाय. काय रे, प्रेमाबिमात पडलास की काय?" त्याने काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून तो पोशाखांच्या बंद ट्रकमध्ये जाऊन बसायचा. आत मिट्ट काळोख आणि डांबरगोळ्यांचा वास. डोळे अंधाराला सरावले की दार ढकलून एकदम उन्हात उडी मारायची. कधी जीभ टाळूला दाबून, कधी वरचा ओठ चिमटीत धरून, कधी श्वास कोंडून. प्रत्येक वेळी शिंक आलीच. ओठ दाबला की जरा उशिरा यायची एवढंच. पण झुल्यावर ओठ दाबायला हात कुठून आणायचा?

असाच एकदा तो डोळ्यांतलं पाणी पुसत उभा होता, तर समोर भिंगरी.

"मला वाटलं होतं, तू सांगशील," ती म्हणाली.

"मला वाटलं, तू सांगशील."

"दादा, मलाही येते रे." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्या दिवशी पहिली कोलांटी पुरी व्हायच्या आतच नाकात सुरू झालं. गोळा होऊन फिरत असताना शिंकले ना, तर माझं अंग आपोआप उलगडेल. मग मी तुझ्याकडे हात पुढे करून येणार नाही. डोकं पुढे करून येईन."

खुंटी ट्रकच्या पायरीवर बसला. आतापर्यंत फक्त आपल्या एकट्याच्या शिंकेला घाबरत होतो तेच बरं होतं, असं त्याला वाटलं.

दोघं गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बरोबर बत्तीकाकांना नेलं. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बसवून डोळ्यांवर टॉर्च मारला आणि भावंडं एकापाठोपाठ एक शिंकली, तेव्हा त्या चक्क हसल्या.

"घाबरू नका, हा आजार नव्हे," त्या म्हणाल्या. "चारपाच माणसांत एखाद्याला असतंच हे. डोळ्यांत एकदम झगझगीत उजेड गेला की बाहुली आवळून घ्यायची, असा निरोप आत जातो. नाकातली खाज कळवणाऱ्या नसा तिथून अगदी जवळ असतात. काही माणसांत निरोप चुकून शेजारच्या घरी पोचतो. नाकाला वाटतं, आपल्यातच काहीतरी शिरलं. मग ते शिंकतं. निदान आमचा अंदाज तसा आहे. नक्की कसं होतं, ते अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

"एका वायरीतला करंट दुसरीत उतरतो तसं," बत्तीकाका म्हणाले.

"जवळजवळ तसंच. आणि ते आईबापांकडून येतं. दोघांपैकी एकाला असलं की मुलात उतरायची शक्यता निम्मी."

"आमच्यात दोघांतही उतरलं," भिंगरी म्हणाली. "त्यावर औषध?"

"खात्रीचं असं नाही. उजेड किती आहे यापेक्षा अंधारातून तो किती एकदम येतो, यावर बरंच असतं. बोगद्यातून गाडी बाहेर काढणाऱ्यांना आम्ही जपायला सांगतो. तुम्ही काम काय करता?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टरांचं हसू गेलं. हातातला टॉर्च त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मग वर चढू नका. मी दुसरं काहीच सांगणार नाही."

परत आल्यावर ते तडक बाईंकडे गेले. बाई फोनवर होत्या. फोन बाजूला धरून त्यांनी ऐकून घेतलं.

"शिंक?" त्या म्हणाल्या. "दिव्याने शिंक येते?"

"हो बाई. डॉक्टरीणबाईपण म्हणाल्या."

"खुंटी, तू इतकी वर्षं दिव्यांखालीच लटकतोयस." त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "रविवारी खेळ आहे. गावभर पोस्टरं लागलीत, त्यावर तुमचीच चित्रं आहेत. नवीन काही आलं की पोटात गोळा येतो, मला कळतं ते. पण नाहीच जमणार असेल तर आज सांगा. दुसरी जोडी यायला तयार बसलीय."

दुसरी जोडी आली म्हणजे आपली राहुटी गेली, आईचं शिवणयंत्र गेलं, आणि झुल्याशिवाय दुसरं काही येत नसलेली दोन माणसं रस्त्यावर आली, हे बाहेर पडेपर्यंत दोघांच्या डोक्यात फिरून झालं होतं. वाटेत भिंगरीच म्हणाली, "जमवू, दादा." म्हणताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तोड बत्तीकाकांनी काढली. दोन्ही झुल्यांच्या मधोमध, बाजूच्या खांबावर त्यांनी एक छोटा दिवा बसवला, उजेड दोघांच्याही तोंडावर येईल असा. काळोखात तो जळत राहायचा, म्हणजे डोळे अंधाराला सरावायचेच नाहीत. समोर उंचावरच्या फळीवर उभ्या भिंगरीनेही झुला सोडेपर्यंत त्याच दिव्याकडे बघत राहायचं. "बाईंना तो खुणेचा दिवा वाटेल," काका म्हणाले. "कशाला परत वाद घालायचा?"

तालमी पार पडल्या. मोठा दिवा लागला की नाकात जरा हुळहुळायचं आणि विरायचं. खुंटी झेलत होता. पण प्रत्येक झेलानंतर खाली उतरताना शिडीच्या पायऱ्या त्याच्या पायाला सापडायच्या नाहीत. रात्री डोळा लागला की पंजे रिकाम्या हवेवर मिटायचे आणि तो दचकून उठायचा.

रविवारी दुपारी तंबू गच्च भरला. खुंटीने गुडघे अडकवले, स्वतःला उलटं सोडलं आणि झोके घ्यायला सुरुवात केली. दिवे गेले. ढोल सुरू झाला. समोर छोटा दिवा जळत होता. त्याच्यावर नजर लावून तो श्वास मोजून घेत होता. समोरच्या फळीवरून भिंगरीने झुला धरून पहिला झोका घेतला.

आणि छोटा दिवा विझला.

त्याला आधी वाटलं, आपल्याच डोळ्यांना काहीतरी झालं. मग निळ्या अंधुकात खांब दिसला, आणि खांबावर काहीच जळत नव्हतं. काळोख अंगावर आला. डोळे अंधार पिऊ लागले होते. बाहुल्या उघडतायत हे त्याला जणू आतून जाणवत होतं. तो ओरडला, "थांब!" ढोलाखाली त्याचा आवाज त्यालाही ऐकू आला नाही. झोका थांबवावा? थांबवला तर भिंगरी रिकाम्या हवेत येणार, कुठे पडतोय हे तिला कळायच्या आत. न थांबवावा, तर शिंक.

भिंगरीचा दुसरा झोका. आता तिसऱ्याला ती सुटणार.

खुंटीने डोळे घट्ट मिटून घेतले.

मिटल्या डोळ्यांनी त्याने कधीच झेललं नव्हतं. पण तो झोका त्याच्या अंगात मुरलेला होता. किती मागे जायचं, कुठे हात पसरायचे, किती श्वासांनी ती पोचते. सुटताना भिंगरी नेहमी "हप्!" असं ओरडायची. तेवढा एक आवाज ढोलातून त्याच्या कानावर आला. पापण्यांच्या आड सगळं लाल झालं. नाकात मुंगी चालली. त्याने दात आवळले, हात पसरले आणि वाट पाहिली. ती वाट संपता संपेना.

डाव्या पंजाला काहीच लागलं नाही. उजव्या पंजाला बोटं लागली, निसटली, आणि मग मनगट. त्याने मूठ आवळली. खांदा उखडतोय की काय असा हिसका बसला, खालून भिंगरीची किंकाळी आली आणि त्याचे डोळे उघडले, सरळ त्या पांढऱ्या दिव्यात.

पहिली शिंक आली. पोट आवळलं आणि गुडघे दांडीवरून किंचित सरकले. त्याने मूठ सोडली नाही. दुसरी आली. गुडघे आणखी सरकले. दांडी आता पोटरीला टेकली होती. खाली एका हाताला लटकलेली बहीण आणि वर दोन निसटते पाय, आणि तिसरी शिंक येणार हे त्याला चांगलं माहीत होतं. आयुष्यात कधी चुकली नव्हती ती. ती आली. त्याने पाय इतके मुडपले की पोटऱ्यांत गोळे आले.

"दादा, सोड," खालून भिंगरी म्हणाली. ती रडत होती, की शिंकत होती. "मधोमध आले की सोड. मी पाठीवर पडते."

"मी नाही सोडणार."

"अरे, पडशील माझ्यावर! सोड!"

झोका मागे गेला, परत आला. "आता!" ती ओरडली. बोटं उघडायला त्याला जोर लावावा लागला. ती खाली गेली, जाळीच्या बरोबर मध्यावर पाठीवर पडली, उसळली आणि निपचित झाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, खेळच असा आहे.

बत्तीकाकांनी सगळे पिवळे दिवे लावले. खुंटीला खाली उतरवायला दोन माणसं वर जावी लागली, कारण दांडीला धरलेले हात तो सोडेना. खाली बाई जाळीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या ओठांना रंग नव्हता.

"तो छोटा दिवा मी बंद केला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, चुकून चालू राहिलाय. काळोख होत नव्हता... मला कुणी सांगितलं का नाही?"

बत्तीकाकांनी मान खाली घातली. खुंटीला खूप काही बोलायचं होतं. पण सांगितलं तेव्हा बाईंनी ऐकलं नव्हतं, आणि सांगायला हवं होतं तेव्हा आपण सांगितलं नव्हतं, हे दोन्ही खरं होतं. तो बहिणीच्या स्ट्रेचरमागून चालू लागला.

दवाखान्यात भिंगरीचा निखळलेला खांदा बसवून हात गळ्यात बांधला होता. आई उशाशी बसून तिचे केस सारखे करत होती. खुंटी दारातच घुटमळत राहिला. शेवटी भिंगरीनेच त्याला आत बोलावलं.

"माझे डोळे मिटलेले दिसले तुला?" त्याने विचारलं.

"दिसले ना. दुसरी कोलांटी उलगडताना. पहिलं तेच दिसलं."

"मग?"

"मग काय! हवेत होते मी. तिथून परत कुठे जाणार?"

आईचा केसांवरून फिरणारा हात थांबला. ती खुंटीकडे पाहत राहिली. पोरगा प्रेमात पडल्याची थट्टा तिला बहुतेक तेव्हा आठवली असावी. "मला तरी सांगायचंत," एवढंच ती म्हणाली.

काळोखातली ती झेप बाईंनी खेळातून काढून टाकली. पोस्टरं त्यांनी स्वतः उभं राहून उतरवून घेतली, आणि राहुटी सोडायचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. दुसरी जोडी आली. खुंटीने झेलायचं सोडलं ते सोडलंच. बाईंनी एकदा विचारून पाहिलं. त्याने आपले दोन्ही पंजे पुढे करून दाखवले. ते कापत होते. मग तो जाळ्या आणि दोर तपासायच्या कामाला लागला आणि त्यात इतका काटेकोर झाला की कसरतपटू त्याला वैतागायचे.

भिंगरीचा खांदा बरा व्हायला पावसाळा गेला, हिवाळा गेला. मग एका सकाळी तिने बाईंना सांगितलं, एकदा उडून बघायचंय, साधी उडी, एकही कोलांटी नाही. सगळे पिवळे दिवे लावले गेले. झेलायला नवीन जोडीतला माणूस वर चढला. खुंटीने जाळीची प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली, मग कडेला दोर धरून उभा राहिला. वर बघायचं त्याच्याने होईना. त्याने मान खाली घातली आणि आपल्या बुटांकडे पाहत राहिला. वर झुल्याची साखळी कुरकुरत होती. एक झोका झाला, दुसरा झाला, आणि कुरकुर थांबली. सगळ्या तंबूत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

मग वर मनगटांवर पंजे बसल्याचा चापकन आवाज झाला, आणि खुंटी दोर धरूनच खाली बसला.